हॉलिडे मेंबरशिप: कंपनीकडून की काकांकडून?

सोलापुरातली गड्ड्याची यात्रा संपून आठवडा झाला असेल. शाळेतून घरी येत होते तेव्हा एका हॉलिडे कंपनीचा फोन आला. तुमचा नंबर सोडतीत निघालाय, भेटवस्तू न्यायला जोडीने या. होटगी रोडवरच्या एका हॉटेलात संध्याकाळी पाच वाजता. यांना कारखान्यातून ओढून नेलं. आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. लग्नाला एकवीस वर्षं झाली, पण सलग चार दिवस माग सोडून हे कुठे गेल्याचं मला आठवत नाही. माझ्या मनात तेच होतं. एकदा पैसे भरले की निदान भरलेल्या पैशांसाठी तरी निघतील.

हॉटेलात साडेतीन तास गेले. चहा, सामोसा, मोठ्या पडद्यावर मुन्नार आणि मनाली. समोर बसलेला मुलगा माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा आणि बोलायला गोड. पंचवीस वर्षांची मेंबरशिप, म्हणजे कंपनीच्या रिसॉर्टांत राहण्यासाठी दरवर्षी ठरावीक पॉइंट, आणि त्या पॉइंटांत मे-दिवाळीच्या हंगामातसुद्धा सात रात्री बसतात. किंमत पाच लाख पंचवीस हजार, हप्त्यांनी भरायची सोय. आणि आजच सही केली तर खास लाभ: आपला आठवडा देऊन परदेशातला घेण्याच्या अदलाबदलीचं सदस्यत्व तीन वर्षं फुकट, रिसॉर्टमधल्या जेवणावर सूट, पुढे मोठ्या खोलीत जाण्याची सवलत. मी विचारलं, कुणाची जुनी मेंबरशिप घेता येते का? तो लगेच म्हणाला, "मॅडम, दुसऱ्याकडून घेतली तर काहीच मिळत नाही. नुसता कागद." साडेआठ वाजता मी कार्डावर पंचवीस हजारांचा टोकन भरून बाहेर आले. उद्या हीच किंमत राहणार नाही, हे त्याने चौथ्यांदा सांगितलं तेव्हा माझा हात पर्समध्ये गेला होता. मुलांना टक्केवारी शिकवणारी बाई मी, आणि एक भागाकार न करता पैसे देऊन आले, याचं मला आजही वाईट वाटतं.

रात्री सगळी झोपल्यावर करारनामा वाचायला घेतला. बारीक अक्षरातली अठरा पानं. दोन गोष्टी सापडल्या आणि झोप उडाली. पहिली वार्षिक वर्गणी. चोवीस हजार, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 28,320 रुपये दरवर्षी. जा किंवा न जा, भरायचीच, आणि ती वाढवण्याचा हक्क कंपनीचा. हॉटेलात हा आकडा एकदाही पडद्यावर आला नव्हता. दुसरी गोष्ट मात्र माझ्या बाजूची होती. सही केल्यापासून दहा दिवसांत करार रद्द करता येतो, पूर्ण पैसे परत.

तिसऱ्या दिवशी ईमेल केला आणि त्याच मजकुराचं पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवली. मग फोन सुरू झाले. आधी गोड, मग चढ्या आवाजात, मग "साहेबांशी बोला". प्रत्येकाला मी एकच सांगितलं, जे बोलायचं ते ईमेलवर लिहा. महिना उलटला तरी पैसे येईनात, तेव्हा 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तक्रारीचा क्रमांक कंपनीला कळवला आणि अकराव्या दिवशी रक्कम खात्यात आली. कुणाला या वाटेने जायचं असेल, तर करारातलं रद्द करण्याचं कलम आधी शोधा आणि तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. फोनवरच्या बोलण्याचा तिथे काही उपयोग होत नाही.

एवढं होऊनही मनातली सुट्टी जाईना. सासूबाई यांना म्हणाल्या होत्या, "त्रेचाळीस डिग्रीत घरात बसून कूलरचं पाणी भरायचं, हीच का रे उन्हाळ्याची सुट्टी?" ते वाक्य मला लागलं होतं.

माझा मावसभाऊ फ्लोरिडात असतो, त्याच्याकडे डिस्नेच्या अशाच सुट्टीच्या क्लबचे पॉइंट आहेत. त्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई, इथे नवं की दुसऱ्याकडून घेतलेलं यावर माणसं महिनोन् महिने आकडेमोड करतात." डिस्ने व्हेकेशन क्लब 1991 साली सुरू झाला. तिथे ज्या रिसॉर्टचे पॉइंट तुमचे, तिथलं बुकिंग अकरा महिने आधी करता येतं, बाकीच्यांचं सात महिने आधी. जुन्या मालकाकडून पॉइंट बरेच स्वस्त मिळतात. पण सौदा ठरला की कंपनी त्याच किमतीला तो स्वतः उचलू शकते, पहिला हक्क तिचा. आणि 19 जानेवारी 2019 पासून नियम आणखी कडक झाला. त्या तारखेनंतर जुन्या रिसॉर्टचे पॉइंट दुसऱ्याकडून घेतले, तर ते पुढे उघडलेल्या रिव्हिएरा रिसॉर्टला चालत नाहीत. रिव्हिएराचेच पॉइंट दुसऱ्याकडून घेतले, तर ते फक्त रिव्हिएरात वापरायचे. भावाने स्वतः जुन्या मालकाकडूनच घेतलेत, कारण त्याला राहायचं असतं त्या रिसॉर्टला हा नियम आडवा येत नाही.

"तिकडचे नियम तुला लागू नाहीत," तो म्हणाला, "पण प्रश्न तोच विचार. कुठला लाभ कागदाबरोबर येतो आणि कुठला माणसापाशीच राहतो?" हा प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला.

आमच्या शाळेतल्या एका बाईंचे नातेवाईक जुळे सोलापुरात राहतात, निवृत्त इंजिनिअर. त्यांच्याकडे याच कंपनीची मेंबरशिप, त्याच हंगामाची, स्वयंपाकाचा ओटा असलेल्या खोलीची. तेरा वर्षं शिल्लक. काकू दीड वर्षापूर्वी गेल्या. तेव्हापासून काका कुठे गेलेले नाहीत आणि वर्गणी मात्र चालूच. "बसा की," म्हणत त्यांनी कापडी पिशवीतून फाइल काढली. प्रत्येक सहलीची पावती प्लास्टिकच्या खिशात, मागे काकूंच्या बारीक अक्षरात टिपणं. कुठल्या रिसॉर्टात गॅसची शेगडी नीट पेटत नाही, कुठे दूध सकाळी सातच्या आत आणावं लागतं, कुठल्या खोलीत काय. मी व्यवहार बोलायला गेले होते, पण ती टिपणं वाचण्यातच अर्धा तास गेला. काकांनी मध्ये एकदाही घाई केली नाही.

त्यांनी सव्वा लाख सांगितले. मी घासाघीस केली नाही, पण वेळ मागून घेतला आणि कंपनीला प्रश्नांचा ईमेल पाठवला. नाव बदलण्याची फी किती? बुकिंग किती दिवस आधी उघडतं आणि ते जुन्या-नव्या सदस्यांना एकाच दिवशी उघडतं का? साठलेले पॉइंट नव्या नावावर येतात का? वर्गणी तीच राहते का? अदलाबदलीचं काय? उत्तराला नऊ दिवस लागले, पण लेखी आलं. फी पंचवीस हजार अधिक जीएसटी, म्हणजे 29,500. बुकिंगची खिडकी सर्वांना एकच. वर्गणी तीच. साठलेले पॉइंट येणार नाहीत. फुकटची अदलाबदल, जेवणावरची सूट, मोठ्या खोलीची सवलत, हे फक्त थेट घेणाऱ्यांना.

म्हणजे "काहीच मिळत नाही" हे खरं नव्हतं. खोली तीच, हंगाम तोच, बुकिंगचा दिवसही तोच. कमी होणार होत्या त्या वरच्या गोष्टी. त्या मी एकेक करून आमच्या घराशी ताडून पाहिल्या. अदलाबदल म्हणजे आरसीआयसारख्या संस्थेमार्फत आपला आठवडा देऊन दुसऱ्या देशातला घ्यायचा. 1974 साली अमेरिकेत सुरू झालेली ही संस्था, व्यवस्था चांगली आहे. पण प्रत्येक बदलीची फी वेगळी, विमानाचं भाडं आपलं, आणि आमच्या घरात पासपोर्ट फक्त मुलाचा. जेवणावरची सूट: सासूबाईंना दोन दिवस हॉटेलचं खाल्लं की पित्त होतं. आम्हाला ओटा हवा होता, आणि तो कागदाबरोबर येत होता. मोठ्या खोलीची सवलत मात्र मला हवीशी वाटली. मुलाचं लग्न झालं की दोन खोल्या लागतील. ती गेली याची रुखरुख राहिली, ती अजून आहे.

मग रविवारी दुपारी यांना समोर बसवून हिशेब मांडला. नवी घेतली तर पाच लाख पंचवीस हजार भागिले 175 रात्री (पंचवीस वर्षं, दरवर्षी सात), रात्रीला तीन हजार. वर्गणीचे रात्रीला 4,046. एकूण सात हजारांच्या थोडं वर. काकांची घेतली तर फीसकट 1,54,500 भागिले 91 रात्री, रात्रीला 1,698, वर्गणी तीच, एकूण 5,744. फरक तेराशेचा. हे म्हणाले, तेराशेसाठी एवढी यातायात? मी म्हटलं, थांबा. दोन्ही किमतींतला फरक 3,70,500. तो बँकेत सात टक्क्यांनी ठेवला तर वर्षाला 25,935 रुपये व्याज. वर्गणी 28,320. म्हणजे वाचलेल्या पैशांच्या व्याजातच वर्गणी जवळजवळ भागते, आणि मुद्दल आपल्याच खात्यात. व्याजावर कर लागेल आणि वर्गणी वाढत जाईल हे धरूनही मला हा आकडा पुरेसा वाटला. यांनी पेन्सिल घेऊन तो गुणाकार पुन्हा केला, मग नुसती मान हलवली.

नव्या मेंबरशिपला बारा वर्षं जास्त मिळतात, हा तिचा खरा गुण. कंपनीने तो पुढे केला असता तर मी जास्त विचार केला असता. पण तेरा वर्षांनी मी निवृत्त झालेली असेन आणि सासूबाई नव्वदीला आलेल्या असतील. तेव्हाचं तेव्हा ठरवू. ज्यांची मुलं लहान आहेत, ज्यांना परदेशी जायचंच आहे, त्यांचं उत्तर वेगळं येईल. आणि ज्यांना एका वर्षीही जाणं जमणार नाही अशी शंका आहे, त्यांनी नवी-जुनी कुठलीच घेऊ नये. न गेलेल्या वर्षाचे 28,320 परत मिळत नाहीत. काकांचं तेच झालं होतं.

नाव बदलायला अडीच महिने लागले. सदस्यत्व जोडीच्या नावावर होतं, त्यामुळे काकूंचा महापालिकेचा मृत्यू दाखला, बंगळूरच्या मुलाचं आणि पुण्याच्या मुलीचं ना हरकत पत्र, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती. मुलाचं पत्र सहीतल्या फरकामुळे एकदा परत आलं. एका वर्षाची वर्गणी थकली होती. ती मी सव्वा लाखातून थेट कंपनीला भरली, पावती आल्यावरच उरलेल्या रकमेचा चेक काकांना दिला. रोख एक रुपयाही नाही. करारासाठी कोर्टासमोर गेलो तर कळलं, शंभराचा स्टॅम्प पेपर आता चालत नाही. ऑक्टोबर 2024 पासून पाचशेचा. नोटरीपुढे सही करताना काकांचा हात थोडा थांबला. मी दुसरीकडे पाहत राहिले.

साठलेल्या पॉइंटांचं मीच त्यांना सांगितलं होतं. नाव बदललं की ते जाणार, त्यांच्या सहा रात्री वाया. त्याआधीच त्यांनी मुलीच्या कुटुंबाला पाठवलं. मुलीने आग्रह धरला म्हणून शेवटचे दोन दिवस स्वतःही गेले. आमचा अर्ज त्यामुळे तीन आठवडे लांबला. त्या उशिराचं मला काही वाटलं नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या नावाचं पत्र आलं. दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग ज्या दिवशी उघडणार होतं, त्या दिवशी मी सकाळी पावणेदहालाच स्टाफरूममध्ये मोबाइल घेऊन बसले. दहाला खिडकी उघडली. दहा वाजून सहा मिनिटांनी महाबळेश्वरच्या पाच रात्री मिळाल्या. पुढच्या तासाला वर्गात गेले तेव्हा हात किंचित कापत होते.

संध्याकाळी काकांना फोन केला. ते म्हणाले, "जावा की, छान आहे ते. फाइल बघा, तिनं लिहून ठेवलंय." फाइल त्यांनी परत घेतली नव्हती, मी देऊ केली तरी. महाबळेश्वरच्या पावतीमागे दोन ओळी होत्या. तिसरा मजला, दरीकडची बाजू. सकाळी आठपर्यंत गॅलरीत ऊन येतं, यांचे गुडघे सुटतात.

सासूबाईंचेही गुडघे धरतात. मी रिसॉर्टला फोन करून ती बाजू मागितली. विनंती नोंदवली आहे, खोली त्या दिवशीच ठरेल, असं सांगितलं त्यांनी.