तीनही आकडे कमी

मे महिन्यातल्या एका रविवारी घरातल्या मासे-प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचं पाणी तपासायला बसलो. अल्कलिनिटीच्या (पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटच्या मापाच्या) नळीत किटमधल्या द्रवाच्या सहाव्या थेंबाला निळ्याचं पिवळं झालं, म्हणजे ६ डीकेएच (हे तिचं एकक). कॅल्शियम ३६० पीपीएम (दहा लाखात इतके भाग), मॅग्नेशियम १११०. समुद्रात हेच आकडे साधारण ७, ४२० आणि १३०० च्या आसपास असतात.

मी लगेच ठरवून टाकलं की प्रवाळं वाढताहेत, कॅल्शियम खाताहेत. दोन दिवस कॅल्शियम क्लोराईडचा डोस दिला. आई तिकडून म्हणाली, "गंगापूर धरणाचं एवढं गोड पाणी, त्यात काय काय कालवतोस रे?" (टाकीत नळाचं नाही, आरओचं पाणी जातं, हे तिला सांगून सांगून थकलो.)

तिसऱ्या रात्री वही उघडली तेव्हा चूक दिसली. प्रवाळं सांगाडा बांधतात तेव्हा अल्कलिनिटी १ डीकेएच उतरली तर कॅल्शियम जेमतेम ७ पीपीएमने उतरतं. मॅग्नेशियम तर किटला कळेल इतकंही हलत नाही. माझं कॅल्शियम चक्क ६० ने खाली होतं! तिन्हींना भागून पाहिलं: प्रत्येक आकडा समुद्राच्या सात भागांपैकी सहा भाग. तिघं एकाच मापात कमी, म्हणजे कोणी काही खाल्लंच नव्हतं. पाणीच पातळ होतं.

पण खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर तर रोज समुद्राइतकेच ३५ (किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ) दाखवत होता. तो दिवाळीच्या साफसफाईत हातातून पडला होता, हे तेव्हा आठवलं. नेमक्या ३५ खारेपणाचं, तपासणीसाठीचं द्रावण त्याच्या काचेवर टाकलं, तर पठ्ठ्या ४० म्हणाला. टाकीचा खारेपणा खरा ३०! स्क्रू फिरवून रेघ ३५ वर आणली. शुद्ध पाण्यावर शून्य लावून मी खुश राहायचो, तेही पडल्यानंतर एकदाही केलं नव्हतं.

आता मीठ वाढवायचं, पण एकदम नाही. मासे आणि प्रवाळं दोघांनाही तो धक्का सोसत नाही. इथे नाशिकचा कोरडा उन्हाळा कामी आला. दोनशे लिटरच्या टाकीतून रोज तीनेक लिटर पाणी उडतं. वाफ जाते, मीठ मागे राहतं, म्हणून एरवी तेवढं साधं आरओचं पाणी भरायचं असतं. त्याऐवजी मी ३५ चं खारं पाणी भरत गेलो. रोज साधारण १०५ ग्रॅम मीठ आत, खारेपणा रोज अर्ध्याने वर. दहा दिवस लागले.

पीएचकडे या काळात ढुंकूनही पाहिलं नाही. आमच्या हॉलमध्ये चार पाहुणे खिडक्या लावून बसले तरी कार्बन डायऑक्साइडने तो उतरतो.

अकराव्या दिवशी पुन्हा नळ्या मांडल्या. अल्कलिनिटी ७, मॅग्नेशियम १२९०, कॅल्शियम ४४०. वरचे वीस माझ्या घाईचे.