पेडगावचा बहादूरगड: जाण्याआधी माहीत असावं असं

पहिली अडचण घरीच येते. मोबाइलच्या नकाशात नुसतं ‘बहादूरगड’ टाकलं की तो हरियाणातलं शहर दाखवतो. ‘पेडगाव, श्रीगोंदा’ असं शोधा. गावात आणि पाट्यांवर ‘धर्मवीरगड’ हे नावही दिसेल. जागा एकच.

रेल्वेने येणाऱ्यांनी दौंडला उतरावं. तिथून भीमा ओलांडून काष्टीमार्गे श्रीगोंदा आणि श्रीगोंद्याहून दक्षिणेला सुमारे 13-15 किलोमीटरवर पेडगाव. एसटीने निघालात तर परतीच्या गाडीची वेळ श्रीगोंदा आगारात आधीच विचारून घ्या. काष्टीला शनिवारी जनावरांचा मोठा बाजार असतो, त्या दिवशी टेम्पोंच्या गर्दीसाठी जास्तीचा वेळ धरा. जेवण आणि स्वच्छतागृह दौंडला किंवा श्रीगोंद्यात उरकूनच पुढे निघा.

हा भुईकोट आहे. चढ नाही म्हणून लोक चपलांवर येतात आणि वेड्या बाभळीच्या काट्यांनी हैराण होतात. हा काटा चपलेच्या तळातून सरळ आरपार जातो. जाड तळाचे बंद बूट आणि पूर्ण लांबीची पँट हवी, आणि माणशी किमान 2 लिटर पाणी. दुचाकी आत फार लांब नेऊ नका, पंक्चरचं दुकान जवळ नाही. पावसाळ्यानंतरचे पहिले काही आठवडे गवत कमरेएवढं असतं. पडके हौद, खड्डे आणि सापकिरडू त्यात दिसत नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा, तोही सकाळी लवकर.

गावाकडच्या दरवाजाने आत शिरलं की भैरवनाथाचं मंदिर लागतं. देवदर्शन करून लगेच पुढे पळू नका, इथले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणाचे कोरीव दगड, नीट पाहा. वीरगळ खालून वर वाचायचा: तळाला लढाई आणि पडलेला वीर, मधे त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. हा क्रम एकदा कळला की झिजलेला दगडही बोलू लागतो. वीरगळांवर तेल, शेंदूर, पाणी काहीही ओतू नका.

पुढे मल्लिकार्जुन आणि रामेश्वर. त्यानंतरचं लक्ष्मीनारायण मंदिर मात्र सगळ्यात जास्त वेळ देण्याजोगं. घाई असेल तर बाकीचं वगळा, हे नको. मंदिरं यादवकाळातली, कोट नंतरचा. 1672 च्या सुमारास मोगल सुभेदार बहादूरखान कोकलताश याने इथे छावणी टाकून कोट बांधला आणि त्याला आपलं नाव दिलं. ही मंदिरं त्या कोटात आली. लक्ष्मीनारायणाच्या बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं तिरप्या उन्हात उठून दिसतात. भरदुपारी काळा दगड सपाट दिसतो आणि फोटोही मार खातात. आतल्या खांबांसाठी टॉर्च न्या. कॅमेऱ्याच्या फ्लॅशने नक्षीचा उठाव मरतो. बालेश्वराची पडझड जास्त आहे. या बांधणीत दगड चुन्याशिवाय एकमेकांवर बसवलेले असतात, त्यामुळे एक तुळई तडकली की वरचा भार सरकतो. खांबांना टेकून किंवा सुट्या शिळांवर चढून फोटो काढू नका.

दक्षिणेचा तट भीमेच्या काठावर आहे. राजवाड्याचे अवशेष तिथेच. कमानी आणि गिलाव्याचे तुकडे पाहून मूळ थाटाचा अंदाज येतो. नदीचं पाणी उचलण्याची मोटेची जागाही याच बाजूला, गावकरी तिला हत्तीची मोट म्हणतात. तटावरून चालत फेरी मारण्याचा मोह आवरा. पावसाने चुना धुपलेला असतो आणि वरून घट्ट वाटणारी कड आतून पोकळ निघते. नदीचा देखावा खालूनही दिसतो.

मराठ्यांनी बहादूरखानाला चकवून छावणी लुटली, ती हीच. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ या म्हणण्याचं मूळ त्या फजितीत सांगतात. बहुतेक लोक मात्र इथे येतात ते शंभूराजांसाठी. 1 फेब्रुवारी 1689 ला संगमेश्वरला मोगल सरदार मुकर्रबखानाने पकडल्यावर त्यांना आणि कवी कलशांना याच गडावर औरंगजेबासमोर आणलं गेलं. पुढे 11 मार्चला भीमाकाठीच त्यांची हत्या झाली. हा इतिहास घरून वाचून या, आत उभं राहून मोबाइलवर शोधण्यात अर्थ नाही. स्मृतिस्थळाजवळ पादत्राणं काढावीत आणि रील करायचंच असेल तर ते इतरत्र करावं.

सावकाश पाहायला तीन ते चार तास लागतात. दरवाजा, भैरवनाथ, लक्ष्मीनारायण, बालेश्वर, नदीचा तट, राजवाडा हा क्रम धरला की उन्हाआधी मंदिरं होतात. झाडोऱ्यात पायवाटा फुटतात आणि परतताना दिशा चुकते. नदी पाठीशी ठेवून चालत राहिलं की गाव येतं. सोबत लहान मुलं असतील तर तट आणि राजवाड्याकडे त्यांचा हात सोडू नका.

दिवस उरला तर नदीच्या याच काठाने सिद्धटेक जवळ आहे, साधारण 10 किलोमीटर. पण क्रम उलटा करू नका. अष्टविनायक उरकून जाता-जाता पेडगाव करणारे दुपारी बाराला गडावर पोहोचतात, राजवाड्यासमोर फोटो काढतात आणि लक्ष्मीनारायण न पाहता परततात. चतुर्थीला किंवा रविवारी सिद्धटेकला गर्दी असते, तेव्हा ते दुसऱ्या दिवसावर ढकललेलं बरं.