दुनळीचं मूळ सापडलं, पण ते बर्मिंगहॅम नव्हे

मागच्या वेळी मी छातीठोकपणे लिहिलं होतं की आजोबांची दुनळी (दोन नळ्यांची बंदूक) इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची आहे. ते मागे घेतो. रिबवर, म्हणजे दोन नळ्यांमधल्या पट्टीवर, 'डब्ल्यू. रिचर्ड्स' कोरलंय, त्यावरून मी थेट वेस्ली रिचर्ड्स या बर्मिंगहॅमच्या नामांकित बंदूककारांपर्यंत जाऊन पोहोचलो होतो. तिथेच फसलो.

गेले तीन रविवार एका खुणेने खाल्ले. बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री केली, फोरएंड (नळ्यांखालचा लाकडी भाग) काढला, नळ्या उतरवल्या. नळ्यांच्या बुडाशी, सपाट भागावर, गंज आणि वाळलेल्या तेलाचं काळं कीट. त्यात एक लंबगोल, वर काहीतरी मुकुटासारखं. मी आत 'बीपी', म्हणजे बर्मिंगहॅमच्या चाचणीची खूण, वाचत राहिलो, कारण मला तेच हवं होतं. तारेच्या ब्रशला हात लावायचा नाही हे ठरलेलं (मूळचा रंग खरवडला की किंमत गेलीच), म्हणून पातळ तेल लावून रात्रभर ठेवलं, सकाळी टूथब्रश फिरवला, खडूची पूड चोळली. टॉर्च जवळजवळ आडवा धरला आणि अक्षरं उठून आली: ई, एल, जी. बेल्जियममधल्या लिएज शहराच्या चाचणीगृहाची खूण!

मुकुट आहे म्हणजे १८९३ नंतरची. चाचणीचं साल सांगणारं अक्षर लिएजमध्ये १९२२पासून मारू लागले. ते कुठेच नाही, म्हणजे त्याआधीची. वेस्ली रिचर्ड्सशी मिळतंजुळतं नाव घालून बेल्जियमहून अशा बंदुका ढिगाने बाहेर गेल्या. किमतीचा अंदाज धाडकन खाली आला, पण आता तो खरा आहे.

एक गोष्ट मात्र मनापासून सुखावली. नळ्यांवरची दमास्कस नक्षी (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडल्याने उमटणारी) नुसती छापील असेल अशी भीती होती. छापील नक्षी बहुतेकदा फोरएंडखाली संपते. ही पार बुडापर्यंत गेलीय. अस्सल असावी. धूरविरहित दारूने चाचणी झाल्याची 'पीव्ही' खूण मात्र नाही, त्यामुळे आधुनिक काडतूस यात कधीच जाणार नाही.

आता मूल्यमापनाला द्यायची होती, पण आधी नळ्यांच्या भिंतीची जाडी मोजून घेतो. साध्या व्हर्नियरने ते होत नाही, तोंडापासून वीतभर आत तो पोहोचतच नाही. जाडीचा खास गेजच हवा, उसना मिळाला तरी चालेल.

लिहिता लिहिताच सुचलं: नळ्या कुणी कापल्या तर नाहीत? उठून तोंडाकडून पाहिलं. दोन्ही एकमेकींना टेकलेल्या, मध्ये फट नाही, फट बुजवायला घातलेला डाखाचा गोळा नाही, म्हणजे कापलेल्या नाहीत. टेप लावला, पुरत्या ३० इंच.