'वेक ऑफ द रेड विच' : मतांच्या वहीत नवी भर

जुन्या दर्यावर्दी सिनेमांवरची प्रेक्षकांची मतं जमवण्याच्या कामात सध्या मुक्काम 'वेक ऑफ द रेड विच'वर आहे. रिपब्लिक पिक्चर्सचा १९४८ चा कृष्णधवल सिनेमा, दिग्दर्शक एडवर्ड लुडविग, जॉन वेन कॅप्टन राल्सच्या भूमिकेत. याआधीच्या बहुतेक सिनेमांत मतं जमली की त्यांचे दोन-तीन गट आपोआप पडायचे. इथे तसं होत नाहीये. एकाच घरातले नवरा-बायको राल्सबद्दल अगदी उलटसुलट लिहून देतात, आणि दोघांचं म्हणणं वाचलं की दोघंही पटतात.

पद्धत तीच ठेवली आहे. सिनेमा संपला की दिवे लावायचे, प्रत्येकाच्या हातात कोरा कागद द्यायचा, लिहून होईपर्यंत कोणी बोलायचं नाही. चहा त्यानंतर. गप्पा आधी सुरू झाल्या की ज्याचा आवाज मोठा त्याचं मत सगळ्यांचं होतं, म्हणून हा नियम मी अजिबात सैल करत नाही.

कथा सांगतो. शेवटही सांगावा लागणार आहे, तेव्हा कोरा पाहायचा असेल तर आधी पाहून या. काळ १८६० च्या आसपासचा, मुलूख डच ईस्ट इंडीज (म्हणजे आजचा इंडोनेशिया) आणि दक्षिण समुद्रातली बेटं. बॅटजॅक कंपनीचं 'रेड विच' हे शिडाचं जहाज पन्नास लाख डॉलरचं सोनं घेऊन निघालंय आणि खुद्द कप्तानच ते मुद्दाम बुडवतो. का, ते आपल्याला ठाऊक नसतं. पुढे राल्स आणि त्याचा सोबती सॅम रोझन एका बेटावर पोचतात, तिथे चाकाच्या खुर्चीत बसलेला कंपनीचा मालक सिडनी त्यांची वाट पाहत असतो. मग भूतकाळ उलगडतो : मोत्यांची पेटी, अँजेलिक नावाची मुलगी, तिच्यावर जीव जडलेले राल्स आणि सिडनी दोघेही, आणि तिचं सिडनीशी झालेलं लग्न.

सगळ्यात जास्त तक्रार आली ती या मागे-पुढे जाण्याबद्दल. 'गोष्ट सरळ सांगायला काय हरकत होती?' असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राने त्यावर एक छान प्रयोग सुचवला : नव्या मंडळींना आधी भूतकाळाचे भाग दाखवायचे, मग जहाज बुडवण्याचा प्रसंग, मग शेवट. केलं तसं. फरक लख्ख दिसला. सरळ क्रमाने पाहणाऱ्यांना राल्स पहिल्यापासून आपला वाटला. त्याची बाजू ठाऊक असल्यामुळे जहाज बुडताना त्यांना धक्काच बसला नाही. मूळ क्रमाने पाहणारे मात्र त्याच्यावर चिडलेले होते, त्याला घाबरलेले होते, आणि नंतर त्याच्याकडे ओढले गेले होते. माझ्या मते सिनेमाचं सगळं बळ या क्रमात आहे. गुन्हा आधी दिसतो, कारण नंतर कळतं, त्यामुळे सूडाचा हिशेब आपल्याला स्वतःच मांडावा लागतो. ज्यांना राल्स आवडला नाही आणि ज्यांना मांडणी आवडली नाही, त्यांचे कागद शेजारी ठेवून वाचले तर दोघांना एकच गोष्ट टोचलेली दिसते.

माझे मामा मर्चंट नेव्हीत होते. त्यांचा कागद दोनच ओळींचा आहे, पण नंतर चहावर ते तावातावाने बोलले. "अरे, मालकाशी भांडण आहे ना? मग नोकरी सोड, किनाऱ्यावर उतर, समोर जाऊन भांड. जहाजावर कसला राग काढतोस? वरची माणसं कोणाच्या भरवशावर झोपलीयेत?" त्यांना राल्सचं प्रेम, मोती, कशाचंच कौतुक नव्हतं. कप्तानाने आपल्या हाताने जहाज घालवलं इथेच तो माणूस त्यांच्या मनातून उतरला. समुद्रावर काम केलेल्या इतरांचेही कागद असेच येतात का, हे मला बघायचंय.

उलट टोकाचं मत आमच्या शेजारच्या वहिनींचं. त्या हौशी रंगभूमीवर वर्षानुवर्षं कामं करतात. त्यांनी पानभर लिहिलं, आणि जवळजवळ सगळं सिडनीवर. 'हा नट नाटकातला आहे,' असं नाव न वाचताच त्यांनी ओळखलं. बरोबर आहे. सिडनी झालेला ल्यूथर अ‍ॅडलर यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) रंगभूमीवरच्या नामांकित घराण्यातला, न्यूयॉर्कच्या ग्रुप थिएटरमध्ये घडलेला. मार्लन ब्रँडोला शिकवणारी स्टेला अ‍ॅडलर ही त्याची बहीण. वेनसारखा उंचापुरा गडी समोर उभा आणि हा खुर्चीत बसलेला, तरी प्रसंगाचा ताबा याच्याकडे. वहिनींच्या शब्दांत, 'त्याला राल्स मरायला नकोय, हरायला हवाय.' मतांच्या अख्ख्या गठ्ठ्यात मला हे वाक्य सर्वांत मोलाचं वाटतं. त्यानंतर मी सिनेमा पुन्हा लावला तेव्हा सिडनी राल्सबद्दल बोलतो ते सगळे प्रसंग वेगळेच ऐकू आले. वैऱ्याची इतकी बारीक माहिती ठेवणारा माणूस त्याच्याशिवाय जगेल कसा?

आता ऑक्टोपस. त्याच्याशिवाय एकही कागद नाही. मोत्यांच्या पेटीसाठी राल्स पाण्याखाली त्या अजस्र प्राण्याशी झुंजतो. मुलांना तो प्रसंग फार आवडतो, मोठ्यांना तो रबरी वाटतो. हाच रबरी ऑक्टोपस पुढे एड वुडने १९५५ च्या आपल्या भयपटात वापरला, अशी गोष्ट चाहत्यांमध्ये कायम सांगितली जाते. मला स्वतःला तो प्रसंग मनापासून आवडतो. पाण्यातला अंधूक उजेड आणि वेनच्या हालचालींतला जडपणा यामुळे दम कोंडल्याची भावना खरी वाटते.

जहाजांच्या प्रतिकृती करणाऱ्या मंडळींसाठी खास. इथली इफेक्ट्सची कामं हॉवर्ड आणि थिओडोर लायडेकर या भावांची. रिपब्लिकचे हे हुकमी कारागीर मोठ्या आकाराच्या प्रतिकृती बनवायचे, शक्यतो उघड्यावर उन्हात चित्रण करायचे आणि कॅमेरा जास्त वेगाने चालवायचे, म्हणजे पडद्यावर सगळं संथ दिसतं. यामागचं गणित सोपं आहे : प्रतिकृती जितके पट लहान, त्याच्या वर्गमुळाइतके पट वेग. प्रतिकृती मूळ जहाजाच्या सोळाव्या हिश्शाची असेल तर कॅमेऱ्याचा वेग चौपट, म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी ९६ चित्रं. मग लाट जड वाटते, डोलकाठी सावकाश कलते. फसवता येत नाही ते पाण्याच्या थेंबाला. प्रतिकृती कितीही लहान करा, थेंब आपल्या मापाचाच राहतो. जहाजाच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकापाशी, फुटणारं पाणी थांबवून थांबवून बघा, माप तिथे कळतं.

किरकोळ नोंदी. बेटावरच्या प्रमुखाच्या भूमिकेत हवाईचा ड्यूक कहानामोकू आहे, १९१२ च्या स्टॉकहोम आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकलेला. एका पोहणाऱ्या मुलाने त्याला ओळखलं तेव्हा मला फार आनंद झाला. बेटावरच्या लोकांचं चित्रण मात्र उथळ आहे, हे तरुण प्रेक्षकांनी स्पष्ट लिहिलंय आणि मी त्यांच्याशी सहमत आहे. वेनने पुढे स्वतःच्या निर्मितीसंस्थेला याच सिनेमातल्या कंपनीचं नाव दिलं. स्पेलिंगमध्ये शेवटी 'के'च्या जागी 'सी' पडला आणि तो तसाच राहिला.

शेवटाबद्दल वाद अजून मिटलेला नाही. सोनं काढायला राल्स पाणबुड्याचा पोशाख घालून बुडालेल्या जहाजात उतरतो, जहाज कडेवरून घसरतं आणि तो तिथेच जातो. त्यानंतर तो आणि अँजेलिक 'रेड विच'वर एकत्र दिसतात. अनेकांना हे शेवटचं दृश्य गोडगोड वाटलं. मामांनी तर ते पाहिलंच नाही, उठून गेले. मी या दृश्याच्या बाजूने आहे. राल्सने ज्या जहाजाचा घात केला, तेच त्याला शेवटी परत घेतं, आणि अँजेलिक झालेल्या गेल रसेलच्या चेहऱ्यावरची ती उदास शांतता वेनच्या रांगडेपणाला पुरून उरते.

पुढचं काम असं : सरळ क्रमाचा प्रयोग आणखी एका गटावर करायचाय, तोही समुद्रावर नोकरी केलेल्यांच्या. तोवर तुमच्यापैकी ज्यांनी हा सिनेमा पाहिलाय त्यांनी कोणाशी चर्चा करण्याआधी एवढंच लिहून पाठवा : राल्स शेवटचा पाण्यात उतरतो तेव्हा तुम्हाला तो वर यायला हवा होता का, आणि त्या क्षणी काठावरच्या सिडनीबद्दल तुम्हाला काय वाटत होतं. दोन ओळी चालतील, पानभर आलं तर उत्तमच.