धुळ्याच्या कोरड्या थंडीतून मुंबईच्या दमट पहाटेत : माझी पहिली पूर्ण मॅरेथॉन

मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. अंतर काय, कुठेही धावलं तरी ४२.१९५ किलोमीटरच. आपल्याला नडते ती हवा. धुळ्यात त्या दिवसांत पहाटे पारा आठ-दहा अंशांवर, कधी त्याच्याही खाली, आणि हवा ठणठणीत कोरडी. मुंबईत त्याच वेळी अठरा-वीस अंश आणि वर समुद्राचा दमटपणा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, चाळिशी उलटल्यावर धावायला लागले. प्रशिक्षक नव्हता, जे शिकले ते वाचून आणि स्वतः करून. खान्देशातून तयारी करणाऱ्याला उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

नावनोंदणीत फार काही सांगण्यासारखं नाही. आधीच्या अर्धमॅरेथॉनचं अधिकृत वेळेचं प्रमाणपत्र हाताशी होतं, ते जोडलं. घरात मात्र त्याच दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलं, की आता दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत माझी रविवारची सकाळ माझी. सासूबाई म्हणाल्या, "जाय बेटा, सैपाक मी पाहीन." अर्धी तयारी तिथेच झाली.

आठवड्यात तीन दिवस शाळेआधी छोटी धाव आणि रविवारी लांब पल्ला. लांब पल्ला एकदम वाढवायचा नाही. दोन-तीन रविवार थोडं थोडं वाढवायचं, मग एक रविवार मुद्दाम कमी करायचं. स्नायूंचा दम लवकर वाढतो, पण सांधे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा मागून येतात, त्यांना वेळ द्यावाच लागतो. बत्तीस किलोमीटरच्या पुढे सरावात गेले नाही. त्याहून लांब पळालं की थकवा भरून निघायलाच आठवडा जातो आणि पुढचा सराव बुडतो.

माझी वाट नकाणे तलावाकडची. अंधार असायचा, म्हणून हे स्कूटरवर मागे, डिक्कीत पाणी आणि केळी. पहिल्या काही रविवारी दूधवाले थांबून विचारायचे, "काब्रं पयी राह्यनी वं माय?" (का गं पळतेस, माय?) पुढे पुढे तेच हात वर करून पुढे जाऊ लागले. त्या हातवाऱ्याचा मला किती आधार वाटायचा हे त्यांना माहीत नसेल.

चढासाठी धुळ्याजवळचा लळिंग घाट. मुंबईच्या मार्गात पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर पुन्हा येतो, पाय संपत आलेले असताना. घाटाच्या मुख्य रस्त्यावर ट्रकांची रांग असते, तिथे पळणं धोक्याचं. म्हणून किल्ल्याच्या पायथ्याजवळच्या गावरस्त्यावर चढ-उतार करायचे. पावलं आखूड, नजर चार-पाच पावलांपुढे, माथ्याकडे बघायचं नाही. रस्त्यावर पळताना कायम समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूने पळावं, हेही इथेच अंगवळणी पडलं.

आता हवेबद्दल. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला तरच अंग थंड होतं. आपल्याकडे तो येता येताच वाळतो. धाव संपवून घरी यायचे तेव्हा काळ्या टी-शर्टच्या गळ्याभोवती आणि पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असायच्या, कापड मात्र जवळपास कोरडं. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापत राहतं, हृदयाचे ठोके वाढतात आणि तोच वेग जड जातो. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. पंधरा दिवस आधी मुंबईत जाऊन राहणं नोकरीत शक्य नव्हतं. म्हणून शेवटच्या काही आठवड्यांत सुट्टीच्या दिवशी भर दुपारी, पूर्ण बाह्यांचा जाड टी-शर्ट घालून सावकाश धावायचे. दमटपणा काही त्यातून मिळत नाही, पण भरपूर घाम गाळायची सवय लागते. हे कोणीही करताना सावकाशच करावं आणि चक्कर वाटली की लगेच थांबावं.

त्याच वेळी वजनकाट्याचा हिशेब ठेवला. धावण्याआधी आणि नंतर वजन करायचं. कमी झालेला एक किलो म्हणजे ढोबळमानाने एक लिटर घाम, मधे प्यायलेलं पाणी त्यात मिळवायचं. पहाटेच्या थंडीत तासाला अर्धा लिटरही जात नव्हता, दुपारी मात्र लिटरभर. हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असतो, स्वतःचा काढल्याशिवाय किती प्यायचं ते कळत नाही. नुसतं पाणी ढोसत राहणंही घातक, रक्तातलं सोडियम उतरतं. मी लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालायचे, घरोघरी जुलाबावर करतात तेच.

खाण्याचं आपल्याकडे सोपं आहे. शरीरातला साखरेचा साठा तीसेक किलोमीटरनंतर संपत येतो, म्हणून वाटेत सतत भर घालावी लागते. मध्यम केळ्यात साधारण पंचवीस ग्रॅम कर्बोदकं असतात, तासाला एक केळं आणि चार घोट साखरपाणी मला पुरलं. शनिवारी रात्रीच्या भरीत पार्ट्या मात्र सोडल्या. तेलातलं भरीत आणि कळण्याची भाकरी पोटात घेऊन पहाटे पळवत नाही. हा त्याग सोपा नव्हता, खान्देशी माणसाला वेगळं सांगायला नको.

चाळीसगावला गाडी बदलून दोन दिवस आधी मुंबई गाठली. पहाटे पाचला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुटलो. हाजी अलीपर्यंतच कोपरावरून घाम ठिबकू लागला, मोजे ओले झाले. पण वेग किलोमीटरमागे वीस-पंचवीस सेकंदांनी कमी ठेवायचं आधीच ठरलेलं होतं, आणि शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय ना, हे तपासत राहिले. सी लिंकवर उजाडलं. वारा अंगावर आला तेव्हा पहिल्यांदा घाम थोडा वाळला.

खरी परीक्षा परतीत. ऊन चढलं, उजव्या टाचेला फोड आला, आजूबाजूचे पायात गोळे येऊन बसायला लागले. रस्त्याकडेची माणसं संत्र्याच्या फोडी, चिक्की, मीठ हातावर ठेवत होती, ओळख ना पाळख. पेडर रोडला लळिंगचीच पावलं टाकली. अर्धा चढ चालत, अर्धा धावत. एक आजी कठड्यापाशी उभ्या राहून प्रत्येकाचं छातीवरचं नाव मोठ्याने वाचत होत्या, माझंही वाचलं, आणि मी रडले. रडत रडतच चौपाटीकडे उतरले.

पाच तास बावन्न मिनिटं लागली. एकही गोळा आला नाही, याचं श्रेय मी त्या दुपारच्या धावांना आणि मिठाला देते. पुढच्या वेळी मोजे बदलीन, पायांना व्हॅसलीन जास्त लावीन, आणि दुपारच्या धावा दिवाळीनंतर लगेच सुरू करीन. नकाणे रोडला रविवारी आता आणखी दोघी येतात, दोघींचीही पहिली अर्धमॅरेथॉन व्हायची आहे.