गोंगाटाचा रकाना

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. लोकांचं ऐकणं तपासायचं आणि ज्यांना गरज असेल त्यांना कानाचं मशीन लावून ते त्यांच्या कानाप्रमाणे जुळवून द्यायचं, हे माझं काम. 'मशीन खराब आहे' ही आमच्याकडची रोजची तक्रार. बहुतेक वेळा तोंडाशी मळ साचलेला असतो, नाहीतर बॅटरी संपलेली असते, नाहीतर मशीन डबीत झोपलेलं असतं आणि घरच्यांना वाटतं ते कानात आहे. त्या दिवशी आलेल्या आजोबांचं मशीन मात्र चकचकीत होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगते आहे.)

आजोबा पंच्याहत्तरी ओलांडलेले. आयुष्य मुद्रितशोधनात गेलेलं, त्यामुळे माझ्या भिंतीवरच्या तक्त्यातली शुद्धलेखनाची चूक त्यांनी खुर्चीत बसण्याआधीच दाखवली. सोबत मुलगा आणि सून. मशीन त्यांनी दुसरीकडून घेतलेलं होतं, तेही एकाच कानाला. "ऐकायला एक पुरे" म्हणून दुसरं आजोबांनीच नाकारलेलं.

"मॅडम, हे दिवसभर मशीन घालतात," मुलगा म्हणाला, "पण काहीही विचारलं की आपलं 'अं?'. एवढा खर्च करून उपयोग काय?"

"दिवसभर घालतो, पण त्यातून काही येतच नाही," आजोबा म्हणाले.

साउंडप्रूफ खोलीत तपासणी केली. निदान सरळ होतं. खालच्या पट्टीतले आवाज जवळजवळ ठीक, वरच्या पट्टीकडे जाऊ तसा आलेख उतरत गेलेला. म्हातारपणाच्या बहिरेपणाचा हा नेहमीचा आकार. अशा माणसाला आवाज येतो, पण शब्द लागत नाहीत. बोलण्यातला दणका स्वरांचा असतो आणि अर्थ व्यंजनांवर चालतो. स, श, फ, थ ही मंडळी नेमकी वरच्या पट्टीतली, आणि तीच आधी गळतात. म्हणून 'मला ऐकू येतं, पण तुम्ही लोक पुटपुटता' हे वाक्य म्हातारी माणसं हट्टाने म्हणत नाहीत. त्यांना खरंच तसं ऐकू येतं.

मग मशीन कानात घालून शब्दांची चाचणी घेतली. शांत खोलीत, समोर बसून. आजोबांनी जवळजवळ सगळे शब्द बरोबर सांगितले. मुलगा आणि सून एकमेकांकडे बघायला लागले. दोघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव, म्हणजे हे घरी सोंग करतात की काय. हा संशय मी अनेक घरांत पाहिला आहे आणि तो जवळजवळ कधीच खरा नसतो.

हल्लीच्या मशीनमध्ये एक सोय असते जी गिऱ्हाइकाला सहसा कोणी सांगत नाही. मशीन स्वतःची नोंद ठेवतं. रोज सरासरी किती तास चालू होतं आणि त्या तासांत आजूबाजूला कसला आवाज होता. शांतता, शांततेतलं बोलणं, गोंगाटातलं बोलणं, नुसता गोंगाट, संगीत असे रकाने असतात आणि प्रत्येकापुढे टक्केवारी. कोण काय बोललं ते मशीन साठवत नाही, फक्त आवाजाची जात ओळखतं.

मी मशीन कॉम्प्युटरला जोडलं. रोजचा वापर सरासरी दहा तास. म्हणजे आजोबा खरं बोलत होते. पण त्या दहा तासांतला बहुतेक सगळा वेळ 'शांतता' या रकान्यात. शांततेतलं बोलणं थोडंसं, एक लहानशी पट्टी. आणि 'गोंगाटातलं बोलणं' या रकान्यात शून्य.

शून्य मी फारसं पाहिलेलं नाही. चार माणसांच्या घरात राहणाऱ्या कोणाच्याही मशीनमध्ये तिथे काहीतरी असतंच. "टीव्ही बघता का?" मी विचारलं, कारण टीव्हीतलं बोलणं आणि माणसाचं बोलणं यातला फरक मशीनला कळत नाही. आजोबा टीव्ही बघत नव्हते. ते वाचत.

"घरात सगळे एकत्र कधी असता?"

"रात्री जेवताना," मुलगा पटकन म्हणाला. सून काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा सातला जेवून घेतात. त्यांच्या खोलीत. आम्ही नऊ-साडेनऊला बसतो."

"कधीपासून?"

यावर तिघांची तीन उत्तरं आली. सूनबाईंच्या मते, बाबांना गडबड सोसत नाही म्हणून तेच खोलीत ताट मागू लागले. मुलाच्या मते, त्यांना लवकर भूक लागते. आजोबा बराच वेळ माझ्या टेबलावरचा कागद वाचत असल्यासारखे बसले होते. मला वाटलं, त्यांना प्रश्नच कळला नाही. पण कळला होता.

"जेवताना हे कानात असलं की डोक्यात दगड फोडतंय कोणीतरी असं वाटतं," ते म्हणाले. "आणि काढून ठेवलं तर काहीच समजत नाही. सगळे हसतात तेव्हा मीही हसतो. परवा हसलो तर नात रडवेली होऊन सांगत होती काहीतरी. त्यापेक्षा खोलीत बरं."

दगडांचं कारण मला तिथल्या तिथे दिसत होतं. मशीनच्या टोकाला कानात बसणारी रबरी टोपी असते, तिला डोम म्हणतात. यांचा डोम बंद प्रकारचा होता. आपण चावतो तेव्हा त्याचा आवाज जबड्याच्या हाडातून कानाच्या नळीत येतो. नळी मोकळी असली तर तो बाहेर निघून जातो, आपल्याला जाणवतही नाही. नळीला बूच बसलं की आतच घुमतो. तुम्ही कानांत बोटं घालून काहीतरी कडक चावून बघा. ज्यांचं खालच्या पट्टीचं ऐकणं चांगलं आहे त्यांना हा त्रास सगळ्यात जास्त होतो, आणि त्यांना भोकं असलेला उघडा डोम चालतोही. डोम बदलायला मिनिटभर लागतं. त्यानंतर मशीन नव्याने जुळवावं लागतं, ते मी केलं. मग त्यांना बरोबर आणलेलं काहीतरी खायला सांगितलं. ते चावत राहिले, मग थांबले, पुन्हा चावले. "गेला," म्हणाले.

दुसरा भाग डोमने सुटणारा नव्हता. जेवणाची जागा ही ऐकण्याच्या दृष्टीने घरातली सगळ्यात अवघड जागा. भांडी वाजतात, नळ चालू असतो, दोघं एकदम बोलतात, विषय मध्येच उडी मारतो, आणि बोलणाऱ्याच्या तोंडात घास असल्यामुळे ओठही वाचता येत नाहीत. गर्दीतून एकच आवाज कान कसा वेचून घेतो, हा प्रश्न कॉलिन चेरी यांनी १९५३ साली मांडला. सत्तर वर्षं झाली, मशीनं कितीतरी सुधारली, पण तरुण कान-मेंदूची ती करामत अजून कोणत्याही मशीनला पूर्ण जमलेली नाही. त्यामुळे 'तिथेच त्यांना त्रास होतो, तर तिथे बसवूच नका' हा घरच्यांचा निष्कर्ष वरवर शहाणपणाचा वाटतो. तो मायेतूनच आलेला असतो.

मी मुलाला विचारलं, "दिवसभरात तुम्ही यांच्याशी काय बोलता?" त्याने आठवून सांगितलं. गोळी घेतली का. डॉक्टरांकडे कधी जायचं. कोणाचा फोन आला होता का. पंखा बंद करू का.

ती लहानशी पट्टी याचीच होती. कमी ऐकणाऱ्या माणसाशी बोलायला कष्ट पडतात, म्हणून घरातली माणसं नकळत काटकसर करतात आणि कामापुरतंच बोलतात. यात कोणी वाईट नसतं. पण घरात राहणं म्हणजे फक्त आपल्याला उद्देशून बोललेलं ऐकणं नव्हे. त्यातलं बरंचसं दुसऱ्याला उद्देशून असतं आणि आपल्या कानावर पडतं. मुलगा ऑफिसातल्या कुणावर चिडलाय, नातीची बाकावरची मैत्रीण बदलली, भाडं वाढणार आहे का, हे आजोबांच्या खोलीत जाऊन कोणी मुद्दाम सांगत नाही. ते जेवताना कळतं. माझ्या मते रात्रीच्या एकत्र जेवणाची खरी किंमत इथे आहे. तिथे कोणी कोणाशी ठरवून बोलायला बसलेलं नसतं.

लहान मुलांबद्दल हे बऱ्यापैकी अभ्यासलं गेलं आहे. हार्वर्डच्या कॅथरीन स्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घराघरांतलं जेवतानाचं बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासलं, तेव्हा रोजच्या वापरात नसलेले कितीतरी शब्द मुलांच्या कानावर तिथेच पडताना दिसले. एमरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी २००१ च्या सुमारास वीस प्रश्नांची एक यादी केली. आईवडील कुठे भेटले, आजी-आजोबा कुठे वाढले असे प्रश्न. ज्या मुलांना उत्तरं जास्त ठाऊक होती त्यांचा स्वतःवरचा विश्वासही जास्त दिसला. जेवणाच्या वेळच्या गप्पांची ध्वनिमुद्रणं याही कामात होती. आता असल्या गोष्टी कोण सांगणार? जो सांगू शकतो तो तर सातला जेवून खोलीत गेलेला.

पण एकत्र जेवणाला जरा जास्तच देव्हाऱ्यात बसवलं जातं, हेही खरं. केली म्युझिक आणि अ‍ॅन मायर यांनी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या किशोरवयीन मुलांची माहिती बारकाईने तपासली. घरची आर्थिक स्थिती, आईवडिलांशी असलेलं नातं हे सगळं हिशेबात धरल्यावर एकत्र जेवणाचा म्हणून दिसणारा फायदा बराच ओसरला. म्हणजे ज्या घरांत बरं चाललेलं असतं तीच घरं एकत्र जेवतात, हाही त्यातला एक भाग. त्यामुळे 'एकत्र बसा, सगळं ठीक होईल' असं मी कोणाला सांगत नाही. मेंदूच्या बाबतीतही तेच. मशीन लावलं की विस्मरण टळतं असं सर्रास बोललं जातं. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या 'अचीव्ह' या चाचणीत ७० ते ८४ वयाची ९७७ माणसं, काहींना मशीन देऊन आणि काहींना न देता, तीन वर्षं पाहिली. सगळ्यांची सरासरी काढली तर फरक दिसला नाही, विस्मरणाचा धोका मुळात जास्त असलेल्या गटात मात्र मशीन मिळालेल्यांच्या बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी होती. मी आजोबांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांची अडचण साधी होती. ऐकण्यासाठी मशीन होतं आणि ऐकण्यासारखं काही त्यांच्या आसपास होत नव्हतं.

मुलाला आणि सुनेला मी एक ध्वनिफीत ऐकवली. त्यात जेवताना होणारं साधं बोलणं आधी आपल्याला येतं तसं, मग वरची पट्टी कापून, मग त्यात भांड्यांचा आवाज मिसळून ऐकू येतं. तिसऱ्या भागात मुलाने दोनदा "पुन्हा लावा" म्हटलं. नंतर म्हणाला, "एवढं कमी?" आजोबांनी त्याच्याकडे न बघता मान हलवली. माझ्या कामातला हा क्षण अवघड असतो. अपराधी वाटून घेतलेली माणसं चार दिवस फार छान वागतात आणि मग थकतात. म्हणून मी लगेच कागद काढला.

सातचं जेवण आणि साडेनऊचं जेवण यांच्यामध्ये आठ ठरवा. रोज नाही जमलं तर नाही, जमेल त्या दिवशी. टीव्ही बंद. आजोबांना कडेच्या मानाच्या जागी बसवू नका, लांब बाजूच्या मधोमध बसवा, कारण अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. नळ आणि ओटा त्यांच्या पाठीमागे येऊ दे, कारण मशीनचे माइक समोरचं जास्त आणि मागचं कमी घेतात. उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर हवा. नातीला मशीनच्या बाजूला, उजवीकडे बसवा, कारण लहान मुलांचा आवाज बारीक असतो आणि तोच यांच्या आलेखाच्या उतारावर पडतो. कळलं नाही तर ओरडू नका, वाक्य बदलून सांगा. वीस मिनिटांनी ते दमले आणि उठले तर उठू द्या. असं ऐकणं ही मेहनत असते.

आणि शेवटी, अधोरेखित करून, 'काही नाही, असंच' हे वाक्य बंद. सगळे हसले, यांनी विचारलं "काय झालं?", आणि उत्तर आलं "काही नाही, असंच". कमी ऐकणाऱ्या जितक्या माणसांना मी विचारलं आहे, त्यातल्या बहुतेकांना सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य हेच निघालं. सूनबाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "हे मी रोज म्हणते." त्यांनी कागदाचा फोटो काढून घेतला.

काही आठवड्यांनी तिघं पुन्हा आले. मी आधी मशीन जोडलं, गप्पा नंतर. गोंगाटातल्या बोलण्याच्या रकान्यात आकडा आला होता. मोठा नव्हता, रोजच्या अर्ध्या तासाइतकाही नसेल. सून म्हणाली, आठवड्यातून चारेक दिवस जमतं, बाकीच्या दिवशी ह्यांना उशीर होतो. नातीने पहिल्या आठवड्यात आजोबांच्या कानाजवळ जाऊन प्रत्येक वाक्य ओरडून सांगितलं, मग तिला कंटाळा आला आणि ती नेहमीसारखी बोलू लागली, तेव्हाच त्यांना जास्त कळायला लागलं. ही गोष्ट मी तेव्हापासून इतर घरांनाही सांगते.

आजोबांची तक्रार होतीच. "पूर्वी काही कळत नव्हतं, आता कोण बोललं ते कळत नाही. मुलाकडे वळतो तर बोलत असते सून. तिच्याकडे वळेपर्यंत वाक्य संपलेलं." त्यांनी घरी बसून नेमका दोष शोधला होता. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांत पडणाऱ्या आवाजातल्या बारीक फरकावरून ठरवतो. मशीन एकाच कानात असलं की तो फरकच बिघडतो. शांत खोलीत समोरासमोर एक माणूस बोलत असेल तर याने काही अडत नाही, म्हणून 'एक पुरे' हे त्यांचं म्हणणं इतके दिवस टिकलं होतं.

डाव्या कानासाठी चाचणीपुरतं दुसरं मशीन दिलं, तेही उघड्या डोमचं. मुलाने विचारलं, "मॅडम, हे मशीन घरात कोण जास्त बोलतं ते पण लिहून ठेवतं का?"

"नाही," मी म्हटलं.

"ते मी सांगतो," आजोबा म्हणाले आणि सुनेकडे बघायला लागले.