दवाखान्याच्या गेटसमोरची गाडी

आमच्या गावात रविवारी बाजार भरतो. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, आजूबाजूची सगळी खेडी त्या दिवशी इथंच लोटतात, आणि ग्रामीण रुग्णालयाचा रस्ता नेमका गुजरीतून जातो.

मागच्या ऑक्टोबरमधे सोयाबीनची गंजी लावताना माझ्या मोठ्या आईला साप चावला. भावानं तिला मोटरसायकलवर मधात बसवून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं, तिथं १०८ भेटली, आणि तिथून धडाधड आलेली अँब्युलन्स दवाखान्याजवळ येऊन अडकली. गेटच्या अगदी तोंडावर एक पांढरी चारचाकी, काचा बंद, लॉक केलेली. समोरच्या बाजूला खरेदीवाल्याच्या दुकानापुढं पोत्यांनी भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. मधून फक्त माणूस जाईल एवढी वाट. मोठ्या आईचा हात कोपरापर्यंत सुजला होता, बांगड्या रुतल्या होत्या, त्या भावानं तिथंच गाडीत फोडल्या आणि स्ट्रेचर उतरवून भाजीच्या पालांमधून पायीच आत नेलं.

इंजेक्शनं सुरू झाली, मग तासाभरानं यवतमाळले न्या म्हणाले. तेव्हाही ती चारचाकी तिथंच. मी इतका चिडलो होतो की काच फोडायला दगड उचलला होता. तेवढ्यात गाडीवाला आतून धावत आला, खांद्यावर चार-पाच वर्षांचं लेकरू, सलाईनची पट्टी लावलेलं. म्हणे, "लेकराले झटके येत होते भाऊ, गाडी कुठं लावू सांग बरं मंग?"

मला उत्तर देता आलं नाही. मोठी आई वाचली, आता घरी आहे, पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, कारण खरंच त्या रस्त्यावर बाजाराच्या दिवशी गाडी लावायला एक हात जागा नसते.

आपल्याकडं बहुतेकांना वाटतं की नो पार्किंगचा बोर्ड नाही म्हणजे कुठंही लावा. तसं नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ सरळ सांगते की दुसऱ्याला धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा जागी गाडी सोडायची नाही, त्याला बोर्ड लागत नाही. दंड पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा केलं तर १५०० पर्यंत. कलम १२७ खाली पोलीस गाडी उचलून नेऊ शकतात. सार्वजनिक रस्ता अडवला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ आहे, दंड ५००० पर्यंत. पण आमच्या गावात क्रेन कुठून येणार, आणि बाजारात बंदोबस्ताला दोन शिपाई, ते तरी कुठं कुठं पाहतील.

म्हणून माझ्यासाठी महत्त्वाचं मोटार वाहन कायद्याचंच कलम ११७ आहे. त्यात गाड्या उभ्या करायच्या जागा ठरवायचा अधिकार राज्य सरकारला किंवा त्यानं नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे, स्थानिक संस्थेशी बोलून. आम्ही वीसेक जणांनी सह्या करून नगरपंचायतीत आणि ठाण्यात अर्ज दिला, पोच घेतली (पोच घ्याच, नुसतं तोंडी बोललेलं कोणी लक्षात ठेवत नाही), आणि मागणी एकच ठेवली की रविवारी शाळेचं मैदान ट्रॅक्टर अन् चारचाकीसाठी उघडं करा, शाळेला तशीही सुट्टी असते. दोन महिने फेऱ्या मारल्या तेव्हा मैदानाचं कुलूप निघालं.

गेटसमोर दोन्ही बाजूंनी आम्हीच पांढऱ्या फक्कीच्या रेषा मारल्या. पहिल्या रविवारी पोरं उभी केली, ती कोणाशी भांडत नव्हती, फक्त "काका, मैदान खुलं आहे, तिकडं लावा" एवढंच सांगायची, आणि नव्वद टक्के लोक निमूट वळले, काही तर म्हणाले की आधीच सांगायला पाहिजे होतं बापू. जे ऐकत नव्हते त्यांच्या गाडीचा नंबर दिसेल असा फोटो काढून आम्ही चलानसाठी शिपायाला दाखवला. टायरची हवा सोडू नका, मीही दगड टाकून दिला हे बरंच झालं, हवा गेलेली गाडी तर आणखी तिथंच राहते. आणि अँब्युलन्सच अडकली असेल तर आधी ११२ लावा.

खरेदीवाल्याची ट्रॉली अजून हटत नाही. तो म्हणतो, पोते मैदानातून वाहून आणायची मजुरी कोण देईल, आणि त्याचंही बरोबर आहे. सोमवारी त्याच्यासोबत बसायचं ठरलं आहे, माल शनिवारीच उतरवता येतो का ते पाहायला.